चित्रात घुमट आहे, माणसं कुठे आहेत?

‘व्हिजिट पॅलेस्टाइन’ हे जुनं पोस्टर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. पुढे एक झाड, त्याच्या फांद्यापानांच्या चौकटीतून दिसणारं जेरुसलेमचं जुनं शहर, मधोमध कुब्बतुस सख़राचा घुमट आणि मोठ्या अक्षरांत दोन इंग्रजी शब्द. गेल्या काही वर्षांत हे चित्र आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, टी-शर्टवर, मोर्च्यातल्या फलकांवर सगळीकडे दिसतं. सोबत बहुतेक वेळा एकच ओळ असते: पॅलेस्टाइन नावाचा देश नव्हता म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

माझं म्हणणं असं आहे की हे पोस्टर आपण नुसतं पुढे पाठवतो, वाचत नाही. ते नीट वाचलं तर आपला मुद्दा दुबळा होत नाही, उलट पक्का होतो. पण त्यासाठी काही अडचणीच्या गोष्टी मान्य कराव्या लागतात.

पहिली अडचण म्हणजे हे पोस्टर काढणारा माणूस. त्याचं नाव फ्रांझ क्राउस. 1905 साली ऑस्ट्रियात जन्मलेला हा ज्यू चित्रकार. हिटलर सत्तेवर आल्यानंतरच्या वर्षी, 1934 मध्ये, तो युरोप सोडून पॅलेस्टाइनला आला आणि तेल अवीवमध्ये जाहिरातींची चित्रं काढू लागला. सिगारेट, चॉकलेट अशा रोजच्या मालाच्या त्याच्या जाहिराती तिथे गाजल्या. ‘व्हिजिट पॅलेस्टाइन’ हे काम त्याने 1936 साली केलं ते ‘टुरिस्ट डेव्हलपमेंट असोसिएशन ऑफ पॅलेस्टाइन’ या संस्थेसाठी. ही संस्था झायनवादी चळवळीशी जोडलेली होती. प्रवासी यावेत, पैसा यावा, आणि आलेल्यांनी ‘नवा’ पॅलेस्टाइन पाहून जावं, हा तिचा हेतू.

म्हणजे ज्या पोस्टरला आपण पॅलेस्टिनी अस्मितेचा पुरावा म्हणून पुढे करतो, ते एका ज्यू निर्वासिताने झायनवादी संस्थेसाठी काढलेलं आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी एवढंच सांगितलं, तर आपल्यातली बरीच मुलं गप्प होतील. ही वेळ येऊ नये असं वाटत असेल तर उत्तर आधी आपल्याकडे हवं.

नावापासून सुरुवात करू. त्या काळी ‘पॅलेस्टाइन’ हा शब्द सगळेच वापरत होते, कारण ब्रिटिशांच्या ताब्यातल्या त्या प्रदेशाचं ते अधिकृत नाव होतं. 1927 पासून तिथे पॅलेस्टाइन पाउंड हे चलन होतं, आणि नाण्यांवर इंग्रजी, अरबी, हिब्रू अशा तिन्ही भाषांत देशाचं नाव होतं. 1932 साली सुरू झालेल्या ज्यूंच्या इंग्रजी दैनिकाचं नाव ‘पॅलेस्टाइन पोस्ट’ होतं. तेच पुढे ‘जेरुसलेम पोस्ट’ झालं. 1936 सालीच युरोपातून आलेल्या ज्यू वादकांना घेऊन ‘पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्रा’ स्थापन झाला. आज तो इस्रायल फिलहार्मोनिक म्हणून ओळखला जातो. त्यामुळे पोस्टरवर ‘पॅलेस्टाइन’ लिहिलेलं आहे एवढ्यावरून त्या भूमीवर हक्क कुणाचा, हे ठरत नाही. ते नाव तेव्हा चालू होतं एवढंच ठरतं.

नावाचाच पुरावा हवा असेल तर याहून भक्कम पुरावा आहे. याफा शहरात 1911 साली, ब्रिटिश यायच्या आधी, उस्मानी राजवटीत, ईसा अल-ईसा या अरब ख्रिस्ती संपादकाने ‘फ़लस्तीन’ नावाचं अरबी वर्तमानपत्र सुरू केलं. तिथल्या माणसांनी, तिथल्या भाषेत, स्वतःच्या वाचकांसाठी स्वतःच्या भूमीचं नाव छापलं. ते वर्तमानपत्र आपल्या स्टेटसवर कधी दिसत नाही, कारण ते दिसायला सुंदर नाही. पोस्टर सुंदर आहे. पोस्टरचं कामच सुंदर दिसण्याचं असतं. म्हणून ते वाचताना जास्त सावध राहावं लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा स्क्रीन बनवायला घेतला की पहिला प्रश्न असतो, हे वापरणार कोण? त्या काल्पनिक माणसासाठी सगळं बेतलं जातं: नजर आधी कुठे जाईल, कुठली अक्षरं मोठी, कुठलं बटण हाताशी. ज्यांचा विचार केलेला नसतो ती माणसं स्क्रीन बिघडवत नाहीत, ती तिथे फक्त नसतात. पोस्टरलाही हाच प्रश्न विचारून पाहा.

पॅलेस्टाइनच्या ब्रिटिश कारभारात इंग्रजी, अरबी आणि हिब्रू या तीन अधिकृत भाषा होत्या. नाण्यांवर तिन्ही, टपाल तिकिटांवर तिन्ही. या पोस्टरवरचं आमंत्रण मात्र इंग्रजीत आहे. तिथे राहणाऱ्याला हे पोस्टर काहीच सांगत नाही, ते बाहेरच्या माणसाला बोलावतं. यात काही गुपित नाही, पर्यटनाच्या जाहिराती अशाच असतात. पण मग हे पोस्टर पॅलेस्टिनी माणसाचा आवाज आहे असं म्हणता येत नाही. हे पॅलेस्टाइनबद्दल दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलेलं आहे.

आता चित्राची जागा बघा. शहर दिसतं ते पूर्वेकडून, जैतूनच्या डोंगरावरून. हा देखावा कित्येक शतकांपासून चित्रकारांचा आणि यात्रेकरूंचा आवडता आहे. या बाजूने हरम शरीफचं अख्खं पटांगण समोर येतं आणि घुमट आपोआप मध्यावर बसतो. ज्यूंची पश्चिमेची भिंत या बाजूने दिसूच शकत नाही, कारण ती पटांगणाच्या पलीकडच्या अंगाला आहे. एका ज्यू चित्रकाराने, झायनवादी संस्थेसाठी, मधोमध ठेवली ती मुसलमानांची वास्तू. मला वाटतं याचं कारण व्यवहारी असावं. लंडन-पॅरिसच्या माणसाला जेरुसलेम ओळखू यायचं तर हाच घुमट दाखवावा लागतो. सातव्या शतकाच्या अखेरीस खलीफा अब्दुल मलिकने बांधलेली ही इमारत वगळून त्या शहराचं चित्र पुरंच होत नाही. ज्यांना शहराचा मुसलमानी इतिहास पुसायचा असतो त्यांना हे एकच चित्र पुरेसं उत्तर आहे, आणि ते उत्तर ‘पॅलेस्टाइन’ या शब्दापेक्षा घुमटाच्या रेषेत जास्त आहे.

एक छोटी गोष्ट सांगायला हवी. 1936 साली तो घुमट सोनेरी नव्हता. त्यावर शिशाचे करडे पत्रे होते. सोनेरी रंगाचे ॲल्युमिनियमचे पत्रे 1960 च्या आसपासच्या दुरुस्तीत आले, आणि सोन्याचा मुलामा 1990 च्या दशकात जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या खर्चाने चढला. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर, उमराहच्या पॅकेजच्या जाहिरातीवर जो झळझळीत सोनेरी घुमट ‘मस्जिद-ए-अक्सा’ म्हणून छापलेला असतो, तो मशिदीचा घुमटच नव्हे. नमाजची मुख्य मशीद त्याच पटांगणाच्या दक्षिण टोकाला आहे आणि तिचा घुमट आजही करडा आहे. हे पूर्ण पटांगणच अक्सा, असं मुसलमान मानतात, त्यामुळे घोटाळा फार मोठा नाही. पण ज्या जागेसाठी आपण एवढे हळवे होतो, ती दिसते कशी हेसुद्धा आपण जाहिरातीवरूनच शिकलो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता पोस्टरमध्ये काय नाही ते पाहू. त्यात माणूस नाही. एकही नाही. झाड आहे, तट आहे, घरं आहेत, घुमट आहे. अंगणात वाळत घातलेला कपडा नाही, वाटेवर गाढव हाकणारा पोरगा नाही, पाणी भरणारी बाई नाही. 1931 च्या जनगणनेप्रमाणे पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे 10 लाख 35 हजार होती. त्यात सुमारे 7 लाख 60 हजार मुसलमान, 1 लाख 75 हजार ज्यू आणि 91 हजार ख्रिस्ती. जनगणनेत दहा लाखांवर असलेली माणसं चित्रात शून्यावर आली.

त्यात साल 1936. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅलेस्टिनी अरबांनी देशभर संप पुकारला. दुकानं, वाहतूक, याफाचं बंदर, सगळं थंडावलं. मागण्या होत्या की बाहेरून येणाऱ्यांची भरती थांबवा, जमिनींची विक्री थांबवा आणि आम्हाला आमचं प्रातिनिधिक सरकार द्या. आदल्या वर्षी, 1935 मध्ये, एका वर्षात 60 हजारांहून अधिक ज्यू तिथे आले होते. त्यातले असंख्य लोक जीव वाचवून आलेले होते आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या देशांची दारं बंद होत होती, हेही तितकंच खरं. संप ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यातून पेटलेला उठाव 1939 पर्यंत चालला आणि ब्रिटिशांनी तो सैन्याच्या बळावर चिरडला. मधल्या काळात, 1937 च्या जुलैमध्ये, ब्रिटिशांच्या पील आयोगाने फाळणीची शिफारस केली. पोस्टरमधलं शहर मात्र शांत आहे.

क्राउसने मुद्दाम माणसं पुसली असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही, आणि त्या काळातल्या प्रवासी पोस्टरांची पद्धतच अशी होती: सपाट रंग, मोठा देखावा, मध्ये एक खूण. पण पद्धत जुनी असली म्हणून तिचा परिणाम संपत नाही. ‘त्या ओसाड भूमीत कुणी राहतच नव्हतं’ हा समज पुढे अनेक पिढ्यांच्या डोक्यात बसला, आणि तो बसायला भाषणांइतकीच माणसं नसलेली चित्रंही उपयोगी पडली. 1948 मध्ये 7 लाखांहून जास्त पॅलेस्टिनींना घरं सोडावी लागली. जी माणसं चित्रात कधी दिसलीच नव्हती, ती गेली तेव्हा दूरच्या पाहणाऱ्याला काही कमी झाल्यासारखं वाटलं नाही.

हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. त्याच काळात रेल्वेची पोस्टरं साहेबलोकांना हिंदुस्थान पाहायला बोलावत होती आणि त्यातही ताजमहाल, किल्ले, घाट यांना पहिला मान होता. आजही इमारत हवी असते, माणूस नको असतो. जंजिऱ्याच्या जाहिरातीत किल्ला असतो, आपल्याला तिथवर नेणारे राजपुरीचे होडीवाले नसतात. बीबी का मकबरा असतो, त्याच्या आसपासची वस्ती नसते. आणि कधी तर इमारतही नको होते. 2017 साली उत्तर प्रदेश सरकारच्या पर्यटन पुस्तिकेत ताजमहालाचाच उल्लेख नव्हता. त्यावर ओरड झाली ती बरोबरच होती. पण ताजमहाल पुस्तिकेत परत आला म्हणून ताजगंजमधल्या माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हा प्रश्न आपण विचारत नाही. चित्रात आपली वास्तू असणं आणि देशात आपली गणती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर आपण पटकन खूश होतो.

पोस्टरची गोष्ट 1936 मध्ये संपली नाही. ते बराच काळ विस्मरणात गेलं होतं. 1995 साली डेव्हिड टार्टाकोव्हर या इस्रायली ग्राफिक डिझायनरने क्राउसच्या परवानगीने ते पुन्हा छापलं. टार्टाकोव्हर म्हणजे ‘पीस नाऊ’ या इस्रायली शांतता चळवळीचं बोधचिन्ह करणारा कलाकार. ओस्लो करार नुकता झाला होता, दोन शेजारी देश होतील अशी आशा हवेत होती, आणि त्या आशेत ‘पॅलेस्टाइनला भेट द्या’ या शब्दांना नवा अर्थ आला. त्यानंतर पॅलेस्टिनींनी ते पोस्टर आपलं मानलं. जेरुसलेम, बेथलेहेम, रामल्ला इथल्या दुकानांत ते विकायला आलं, घराघरांत लागलं. ज्या शब्दांनी परक्याला बोलावलं होतं, तेच शब्द आता ‘आम्ही आहोत’ असं सांगू लागले. क्राउस 1998 मध्ये वारला.

2009 साली आमेर शोमाली या पॅलेस्टिनी कलाकाराने त्याच पोस्टरवर काम केलं. तेच झाड, तेच शब्द, तीच मांडणी. फक्त देखाव्याच्या आड काँक्रीटची भिंत. इस्रायलने 2002 पासून बांधायला घेतलेली, काही ठिकाणी आठ मीटर उंच असलेली, 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात बेकायदेशीर ठरवलेली ती भिंत. शोमालीने काही भाषण केलं नाही, आकडे मांडले नाहीत. पाहणाऱ्याला घुमट अपेक्षित असतो, तिथे नजर अडते. मूळ चित्र माहीत असलेल्यालाच हे कळतं. म्हणूनच मूळ चित्र माहीत हवं.

एकच पोस्टर, तीन हात, तीन अर्थ. पहिल्याने ते धंद्यासाठी आणि वसाहतीच्या प्रचारासाठी वापरलं, दुसऱ्याने शांततेच्या आशेसाठी, तिसऱ्याने कोंडीचं सत्य सांगण्यासाठी. चित्र आपण होऊन बोलत नाही, ते पुढे करणारा बोलतो. म्हणून पुढे करणाऱ्यावर जबाबदारी येते.

याचं ताजं उदाहरण 2025 च्या फेब्रुवारीत मिळालं. डोनाल्ड ट्रम्प यांनी ग़ाझा ताब्यात घेऊन तिथे समुद्रकिनाऱ्यावरची ऐश उभी करण्याची भाषा केली, तिथल्या लोकांनी दुसरीकडे जावं असंही सुचवलं, आणि त्याच महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला एक व्हिडिओ आपल्या खात्यावरून पसरवला. त्यात ग़ाझाच्या जागी उंच इमारती, चकचकीत किनारा आणि खुद्द ट्रम्प यांचा सोनेरी पुतळा होता. बनवणाऱ्यांनी नंतर सांगितलं की तो उपहास होता. पण राष्ट्राध्यक्षाच्या हातात पडल्यावर उपहासाची जाहिरात झाली. 1936 च्या पोस्टरमध्ये माणसं नव्हती, एवढंच होतं. इथे माणसं हलवल्यावर काय दिसेल तेच विकायला काढलं होतं. खाली मेलेल्यांचा आकडा हजारोंच्या घरात गेलेला होता, आणि वर पर्यटनाचा व्हिडिओ फिरत होता.

या व्हिडिओचा राग आपल्याला आला, यायलाच हवा. पण मग आपल्या स्टेटसकडेही त्याच डोळ्यांनी बघू या. आपण काय पाठवतो? सोनेरी घुमट, उगवता सूर्य, उडणारी कबुतरं, खाली एखादी दुआ. त्यातही माणूस नसतो. नाबलसचा साबण बनवणारा नाही, हेब्रॉनची शाळकरी मुलगी नाही, बेथलेहेमचा ख्रिस्ती सुतार नाही, ग़ाझाची नर्स नाही. पॅलेस्टाइन म्हणजे एक घुमट, आणि तो घुमट म्हणजे मुसलमानांची भावना, एवढं करून टाकलं की तिथली माणसं पुन्हा चित्राबाहेर जातात. या वेळी त्यांना बाहेर काढणारे आपण असतो. शिवाय तिथल्या ख्रिस्ती पॅलेस्टिनींना आपण गणतीतूनच वगळतो. ज्यांच्यातल्या एकाने ‘फ़लस्तीन’ छापायला घेतलं होतं, त्यांनाच.

या वगळण्यातला विरोधाभास उमराहच्या जाहिरातीत फार स्पष्ट दिसतो. अलीकडच्या युद्धापर्यंत आपल्याकडच्या कित्येक टूरवाल्यांच्या फलकांवर मक्का-मदिनेसोबत जॉर्डनमार्गे बैतुल मुकद्दसची यात्रा जोडलेली असायची. मुंबईचा माणूस व्हिसा काढून, हजारो किलोमीटर जाऊन अक्सात नमाज पढून येऊ शकत होता. जेरुसलेमपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवरच्या रामल्लातल्या माणसाला मात्र त्याच नमाजसाठी इस्रायली लष्कराचा परवाना लागतो, आणि तो मिळेलच असं नाही. जाऊ नका असं मी म्हणत नाही. जाऊन आलेल्यांनी तिथल्या दुकानदाराशी, रिक्षा-टॅक्सीवाल्याशी दोन गोष्टी बोलून याव्यात आणि परत आल्यावर घुमटासोबत ती गोष्टही सांगावी, एवढं म्हणतो. ‘पॅलेस्टाइनला भेट द्या’ या वाक्याचा खरा अर्थ माणसांना भेटा असाच होऊ शकतो.

आपला त्या शहराशी संबंध फक्त कॅलेंडरपुरता नाही, हेही तरुणांना माहीत असायला हवं. मौलाना मोहम्मद अली जौहर 1931 च्या जानेवारीत हरम शरीफच्या आवारात दफन झाले. 1920 च्या दशकात अक्साच्या दुरुस्तीसाठी तिथून शिष्टमंडळ हिंदुस्थानात आलं तेव्हा हैदराबादच्या निज़ामाने मोठी देणगी दिली. त्या तिजोरीत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा साराही होता, मग तो कुठल्याही धर्माचा असो. जुन्या शहरात बाबा फ़रीद यांच्या नावाशी जोडलेली हिंदी सराय आजही आहे आणि 1924 पासून सहारनपूरहून गेलेल्या अन्सारी घराण्याने ती सांभाळली आहे.

संबंध दुसऱ्या बाजूनेही आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे ज्यू. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांसोबत ते शतकानुशतकं राहिले. 1948 नंतर त्यातले बरेचसे इस्रायलला गेले, आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं. ‘ज्यू’ हा शब्द ऐकून ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त रणगाडा येतो, त्यांनी कोकणातला हा शेजारी आठवावा. इस्रायल सरकारच्या अत्याचाराला विरोध आणि ज्यूंचा द्वेष यात फरक आहे, हे आपण ठामपणे म्हणायला हवं. मुसलमान आणि दहशतवाद यांत फरक करा असं आपण ज्या हक्काने सांगतो, त्याच हक्काने समोरच्यानेही आपल्याकडून हे मागावं. क्राउस जीव वाचवून आलेला माणूस होता हे सत्य आहे. तो ज्या चळवळीच्या कामी आला तिने दुसऱ्यांना बेघर केलं हेही सत्य आहे. दोन्ही एका दमात सांगता आली पाहिजेत.

मग ‘पॅलेस्टाइन नव्हताच’ म्हणणाऱ्याला उत्तर काय द्यायचं? माझ्या मते, पोस्टर दाखवून वाद जिंकायचा नाद सोडावा. समजा ते पोस्टर छापलंच गेलं नसतं, नाण्यांवर ते नाव नसतं, नकाशात दुसरंच काही लिहिलेलं असतं, तर त्या दहा लाख माणसांचा आपल्या घरांवरचा हक्क कमी झाला असता का? हक्क माणसाच्या राहण्यात, कसण्यात, जन्मामरणात असतो. कागद त्याची नोंद करतो, तो निर्माण करत नाही. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सीएए-एनआरसीच्या दिवसांत आजीचा जन्मदाखला शोधत कपाटं उपसणाऱ्या घरांत आपण राहिलो आहोत. त्या वेळी आपला राग नेमका हाच होता की पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाला कागदावरून तोलू नका. तो न्याय आपल्यासाठी मागायचा आणि पॅलेस्टिनींच्या बाबतीत मात्र एका कागदालाच सगळा पुरावा मानायचं, हे जुळत नाही.

सूरह हुजुरातमध्ये खबर आली की आधी तिची खातरजमा करा, अशी शिकवण आहे. चित्र हीसुद्धा खबरच असते. म्हणून पुढच्या वेळी एखादं पोस्टर, एखादा व्हिडिओ हाती आला की चार प्रश्न विचारा. हे कुणी छापलं? कुणासाठी? कुठल्या भाषेत? आणि यात कोण नाही? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि उत्तर शोधायला सर्वांत जास्त मेहनत लागणारा.

ते पोस्टर भिंतीवर लावू नका असं नाही. माझ्याही घरात ते लावायला मला आवडेल, ते खरोखर देखणं आहे. पण त्याच्या शेजारी ‘फ़लस्तीन’ वर्तमानपत्राचं एखादं पान लावावं, शोमालीची भिंत लावावी, आणि घरी आलेल्या मुलाने विचारलं तर तिन्हींची गोष्ट सांगावी. स्टेटसला जागा एकाच चित्राची असेल तर या वेळी घुमट राहू द्या. एखाद्या पॅलेस्टिनी माणसाचा चेहरा लावा, आणि खाली त्याचं नाव लिहा.